५२ किलोंच्या बाईसाठी सांता क्रूझची ब्लर टीआर

माउंटन बाइकच्या फ्रेमची परीक्षणं बहुतेक करून पंचाहत्तर-ऐंशी किलोंचे, पावणेसहा फुटांच्या पुढचे पुरुष लिहितात. ते मनापासून लिहितात, त्यांच्याकडून मी खूप शिकलेही आहे. पण "मागचा शॉक अगदी मऊ चालतो" असं त्यांनी लिहिलं की तो, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, त्यांच्या वजनाखाली मऊ चालतो. माझं वजन ५२ किलो आणि उंची पाच फूट दोन इंच. तोच शॉक माझ्याखाली लाकडासारखा बसून राहू शकतो. मी मूळची साताऱ्याची, सॅन होजेला राहते, आणि लांब पल्ल्याच्या शर्यती करते: पन्नास मैलांच्या, शंभर मैलांच्या, अंधारात सुरू होऊन दुपार कलल्यावर संपणाऱ्या. माझ्या चणीच्या माणसाने लिहिलेलं परीक्षण शोधताना हाती फार थोडं लागलं. मराठीत लिहिते आहे, कारण पुण्या-नाशिकच्या मैत्रिणी मला हेच विचारत असतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांची, पुरुषांचीही चण माझ्यासारखीच असते.

आधी फ्रेम कोणती ते सांगते. सांता क्रूझ ब्लर, २०२१ साली आलेली पिढी, टीआर प्रकार, कार्बनची सीसी श्रेणी, साइझ स्मॉल. मागे ११५ मिमी ट्रॅव्हल (धक्क्याने चाक जितकं वर जाऊ शकतं ते अंतर), पुढे १२० मिमीचा फोर्क (पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा चिमटा), हेड अँगल (पुढच्या भागाचा कल) ६७.१ अंश. याच ब्लरचा एक्ससी (क्रॉस-कंट्री) प्रकारही आहे. त्याला ट्रॅव्हल कमी, पुढचा भाग जास्त उभा, तास-दीड तासाच्या झटापटीच्या शर्यतींसाठी तो बरा. माझ्या शर्यती सात-आठ तासांच्या खाली नसतात, म्हणून टीआर. सी आणि सीसी या कार्बनच्या दोन श्रेणी आहेत. ताकद आणि कडकपणा दोन्हींचा सारखाच, असं कंपनी सांगते. सीसी हलकी आहे आणि चांगलीच महाग.

सांता क्रूझ कंपनी माझ्या घरापासून हायवे १७ चा डोंगर ओलांडला की पलीकडे. १९९३ साली सुरू झाली, २०१५ पासून नेदरलँड्सच्या पॉन समूहाकडे आहे. गावाच्या पश्चिम अंगाला पूर्वी रिगलीचं च्युइंगम जिथे बनायचं, त्या इमारतीत सायकली जोडल्या जातात. कार्बनच्या फ्रेम मात्र चीनमध्ये बनून येतात. या कंपनीचं नाव अनेक वर्षं व्हीपीपी सस्पेन्शनशी बांधलेलं होतं. त्यात मागचा अखंड त्रिकोण दोन आखूड लिंकांवर (जोडपट्ट्यांवर) लटकतो आणि त्या लिंका एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. २०१८ ची ब्लर व्हीपीपीची होती. २०२१ साली कंपनीने या फ्रेमपुरतं व्हीपीपी बाजूला ठेवलं आणि साध्या रचनेवर आली: बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या जागेच्या) वर एक मुख्य सांधा, वर टॉप ट्यूबखाली (फ्रेमच्या वरच्या नळीखाली) आडवा शॉक, आणि दोन्हींना जोडणारी एक लिंक.

यातली खरी करामत मागच्या ॲक्सलजवळ आहे. या धर्तीच्या नेहमीच्या फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये चेनस्टे आणि सीटस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या आणि वरच्या नळ्या) जिथे भेटतात तिथे एक सांधा असतो, त्यात बेअरिंग, बोल्ट, वॉशर. ब्लरला तिथे काहीच नाही. सीटस्टे पातळ आणि चपटे केले आहेत, चाक वर उचललं गेलं की कार्बनच किंचित वाकतो आणि सांध्याचं काम करतो. एवढ्याने आणि लिंका कमी झाल्याने आधीच्या ब्लरपेक्षा २८९ ग्रॅम वाचले, हा कंपनीचा आकडा. शॉकसकट फ्रेम दोन किलोंच्या आसपास बसते.

आता या २८९ ग्रॅमचं करायचं काय? मी हिशेब मांडून पाहिला. मी ५२ किलो, सायकल साडेअकरा, पाणी-खाणं-हत्यारं-कपडे मिळून तीन. एकूण साडेसहासष्ट. त्यात २८९ ग्रॅम म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं कमी. खड्या चढावर लागणारी ताकद जवळजवळ सगळी वजन वर नेण्यात जाते, तेव्हा तासाभराच्या चढाला पंधरा-सोळा सेकंद वाचतात. ऐंशी किलोंच्या स्वाराला हेच अकरा सेकंद पडतात. म्हणजे हलक्या स्वाराला हलक्या फ्रेमचा फायदा जास्त, हे खरं. पण दिवसभराच्या शर्यतीत चढाचे तास चार-पाच धरले तरी सगळं मिळून मिनिट-सव्वा मिनिट होतं. पाणी भरायच्या ठिकाणी बाटलीचं झाकण नीट लागलं नाही तर तेवढा वेळ तिथेच जातो. तेव्हा ग्रॅमच्या आकड्यासाठी एवढे पैसे घालावेत असं मी कुणालाच सांगणार नाही. मी या फ्रेमवर खूश आहे ती वेगळ्या कारणांनी.

पहिलं कारण शेवटच्या दोन तासांत कळतं. हार्डटेलवर, म्हणजे मागे शॉक नसलेल्या सायकलवर, दगडगोट्यांची वाट आली की बैठकीवरून उठावं लागतं. उठलं की पॅडल मारणं थांबतं किंवा लय तुटते, आणि मांड्या धक्के झेलायच्या कामाला लागतात. सकाळी हे जाणवत नाही. सहा-सात तासांनी कंबर धरते, हाताच्या मुठी उघडत नाहीत, आणि जिथे बसून आरामात पॅडल मारता आलं असतं तिथेही माणूस नुसता तग धरून असतो. हलक्या माणसाला हे अधिक सोसावं लागतं, कारण सायकलच्या मानाने आपलं वजन कमी आणि प्रत्येक दगड आपल्याला बैठकीवरून उडवतो. ११५ मिमीच्या ट्रॅव्हलवर मी बसून राहते. हाच फरक. शर्यतीच्या पहिल्या एक-तृतीयांश हिश्श्यात हार्डटेलवाले माझ्यापुढे असतात, शेवटच्या हिश्श्यात त्यांतले बरेचसे मला पुन्हा दिसतात.

मी हे ताडून पाहते ते हेन्री को स्टेट पार्कमध्ये. गिलरॉयच्या अंगाने हंटिंग हॉलोच्या फाटकातून आत गेलं की सपाट रस्ता थोडाच, मग लायमन विल्सन रिजचा चढ छातीवर येतो. सुमारे ३५ हजार हेक्टरांचं रान आहे, ओक आणि वाळलेलं गवत, उन्हाळ्यात ओढे आटतात आणि सावली शोधावी लागते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागणाऱ्यांना चढ नवा नाही, पण इथला दगडी फुफाटा वेगळा: वरचा थर मोकळा, खाली कडक माती. अशा चढावर मागचं चाक घसरायला लागलं की हलक्या माणसाची पंचाईत होते, टायरवर दाबायला वजनच नसतं. शॉक उघडा ठेवून ब्लरचं मागचं चाक जमिनीचा पिच्छा सोडत नाही. पॅडलच्या दाबाने मागचा भाग थोडा खालीवर होतो, व्हीपीपीपेक्षा जास्त होतो असं मला वाटतं. पण त्या बदल्यात खडबडीत चढावर चेन पॅडलला मागे ओढत नाही, आणि मला ही देवाणघेवाण मान्य आहे. डांबरी किंवा गुळगुळीत रस्त्यावर शॉकची लिव्हर मधल्या टप्प्यावर आणते, प्रश्न मिटतो.

उतरायचा विषय आला की मिडल रिज. उद्यानाच्या मुख्यालयाच्या बाजूने सुरू होऊन मॅन्झनिटाच्या झुडपांतून कोयोटी क्रीकच्या नाल्याकडे जाणारी ही अरुंद वाट माझी जगातली आवडती वाट आहे. ६७ अंशांचा हेड अँगल आणि १२० चा फोर्क तिथे पुरेसा धीर देतो. जुन्या पद्धतीच्या उभ्या, चपळ एक्ससी सायकलवर या वाटेवर मी ब्रेक धरूनच उतरायचे. ब्लरवर ब्रेक सुटतात. खूप मोठे दगड, पायऱ्या, उड्या यांसाठी ही फ्रेम नाही. सोकेल डेमॉन्स्ट्रेशन फॉरेस्टमध्ये फ्लो ट्रेलवर ती आनंदाने खेळते, पण तिथल्या अवघड वाटांवर ११५ मिमी संपलेले कळतात आणि मी सावध होते. शर्यतीच्या फ्रेमकडून मला याहून जास्त नको आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. शॉक आणि स्वाराचं वजन.

शॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक हवा, जी स्प्रिंगचं काम करते, ती पंपाने कमी-जास्त करता येते. दुसरं तेल आणि त्यातून जाणारा पिस्टन, जो हालचालीला लगाम घालतो. हा लगाम किती घट्ट असावा हे पिस्टनवरच्या पातळ चकत्यांच्या चवडीवर ठरतं, त्यांना शिम म्हणतात. कुठलीही कंपनी ही चवड सरासरी वजनाच्या स्वारासाठी लावते, आणि तसं करणं साहजिकही आहे. माझ्या वजनाला मागच्या शॉकमध्ये ११० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते, सॅग (नुसतं बसल्यावर शॉक जितका दबतो ते) २५ ते ३० टक्क्यांमध्ये बसतो. पण हवा कमी केली तरी तेलाचा लगाम तितकाच राहतो. मग काय होतं? मोठ्या दगडावर शॉक दबायला उशीर करतो, आणि दबला की परत यायलाही रेंगाळतो, कारण त्याला परत ढकलणारी हवा कमी. रिबाउंडची, म्हणजे शॉक परत येण्याचा वेग ठरवणारी, कळ पूर्ण उघडी करूनही लागोपाठच्या दगडांवर मागचा भाग खाली खाली बसत जातो. पुष्कळ हलके स्वार हवा आणखी कमी करून यावर उपाय शोधतात, आणि त्याने सगळं आणखी बिघडतं. त्यात वाकणाऱ्या सीटस्टेची भर. वाकलेला कार्बन स्वतःही थोडीशी स्प्रिंग असतो. मोठ्या वजनाखाली ती गणतीतच धरली जात नाही, कमी हवेवर चालणाऱ्याला तिचा हिस्सा तुलनेने मोठा पडतो.

उपाय आहे, आणि तो फ्रेमच्या किमतीच्या मानाने स्वस्त आहे. सांता क्रूझच्या डोंगरात सस्पेन्शनचं काम करणारी एक लहानशी कार्यशाळा आहे. फ्रेम घरी आल्यावर शॉक थेट तिथे दिला. वजन, वेग, कुठे चालवते, किती तास चालवते, एवढं विचारून त्या कारागिराने दबण्याच्या बाजूच्या काही शिम काढल्या, परतीच्या बाजूच्या पातळ केल्या. आता माझी रिबाउंडची कळ मधोमध असते, म्हणजे दोन्हीकडे फिरवायला जागा उरते. फ्रेम घेण्यासाठी पैसे साठवत असाल तर या कामाचे दोन-अडीचशे डॉलर पहिल्यापासून वेगळे काढून ठेवा, आणि त्यासाठी चाकं किंवा हँडल साधं घ्यावं लागलं तरी घ्या. साठ किलोंच्या आतल्या कुणालाही मी हेच सांगेन, फ्रेम कुठलीही असो.

इथे ज्युलियानाचा उल्लेख करायलाच हवा. ही सांता क्रूझचीच बायकांसाठीची शाखा, जूली फर्टाडोच्या नावावरून. १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे क्रॉस-कंट्रीचं विजेतेपद तिने मिळवलं, आणि १९९२ साली डाउनहिलचंही. पुढे ल्यूपसच्या आजाराने तिची शर्यतींची कारकीर्द थांबली. ज्युलियाना वाइल्डर म्हणजे ब्लर टीआरचीच फ्रेम. रंग वेगळा, आणि शॉकची ट्यून हलक्या स्वारासाठी लावलेली. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. बायकांची सायकल म्हणून फ्रेमची भूमिती बदलून, भाग हलक्या दर्जाचे लावून विकण्याचा काळ आपण पाहिलेला आहे. इथे बदलली ती एकच गोष्ट, आणि बदलायला हवी होती तीच. तुम्हाला तुमच्या मापाची वाइल्डर मिळत असेल तर ती आधी पाहा. हलक्या पुरुषांनीही पाहावी.

लेडव्हिलला गेल्यावर हवेचा आणखी एक धडा आहे, तो हलक्या स्वारांसाठीच आहे. लेडव्हिल ट्रेल १०० ही कोलोरॅडोतली शंभर मैलांची शर्यत. १९८२ साली तिथली क्लायमॅक्सची खाण बंद पडली, गावाची रोजीरोटी गेली, तेव्हा १९८३ मध्ये आधी धावण्याची शर्यत सुरू झाली आणि १९९४ पासून सायकलची. गावच मुळी ३,१०० मीटरच्या आसपास, आणि अर्ध्या वाटेवरचा कोलंबाइन माइनचा माथा ३,८०० मीटरच्या जवळ. बारा तासांत परत आलात तर पदकासारखं कमरपट्ट्याचं बक्कल मिळतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, लेडव्हिलला तो दहाच्या आसपास उतरतो. सॅन होजेला हवा भरून सायकल तशीच वर नेली तर फोर्क, शॉक आणि टायर यांच्या आतली हवा बाहेरच्या मानाने साडेचार पीएसआयने वाढलेली निघते. ऐंशी-नव्वद पीएसआय भरणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. माझ्या फोर्कमध्ये ५५ असते, तिथे ही वाढ आठ टक्के होते. टायरमध्ये मी १८ भरते, ते साडेबावीस होतात, म्हणजे पंचवीस टक्के! खडीवर सायकल ठणाठण उडते आणि दोष फ्रेमला दिला जातो. तिकडे पोचल्यावर पंप काढून सगळं पुन्हा मोजा. लेहला किंवा स्पितीला सायकल नेणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

लेडव्हिलचा मार्ग बराचसा कच्च्या रस्त्यांचा आहे, म्हणून पुष्कळ जण तिथे हार्डटेल नेतात, आणि अव्वल स्वारांसाठी ते बरोबरही असेल. माझ्यासारख्या अकरा-साडेअकरा तास घेणाऱ्यांचं गणित वेगळं. मार्गातला पॉवरलाइन नावाचा उतार सकाळी ताज्या हातांनी उतरायचा असतो आणि तोच चढ ऐंशीव्या मैलाच्या सुमारास पुन्हा समोर येतो. तिथे बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात, मीही ढकलली. पण त्याच्या पुढच्या, वळणावळणाच्या मैलांत मी बसून पॅडल मारू शकत होते, आणि माझं बक्कल तिथे मिळालं असं मी मानते.

पाणी. लांब शर्यतीच्या फ्रेममध्ये पाण्याच्या जागेला मी वजनाच्या आधी मार्क देते. ब्लरचा शॉक टॉप ट्यूबखाली आडवा असल्यामुळे पुढच्या त्रिकोणात दोन बाटल्या बसतात. स्मॉलमध्ये त्यासाठी बाजूने बाटली निघणारे पिंजरे घ्यावे लागतात, आणि सीट ट्यूबवर (बैठकीखालच्या नळीवर) अर्ध्या लिटरचीच बाटली जाते. तरी दोन बाटल्या म्हणजे पाठीवर पाण्याची पिशवी नको. आठ तास पाठीवर दोन किलो वागवणं आणि न वागवणं यातला फरक ज्याने केला त्याला सांगायला नको. छोट्या मापाच्या फ्रेम घेताना दुकानात दोन्ही बाटल्या प्रत्यक्ष घालून, काढून पाहा. चित्रात दाखवलेली सायकल नेहमी लार्ज असते.

मापाचाच आणखी एक अनुभव. एका दुकानात (नाव घेत नाही) मला मीडियम घ्या म्हणून फार आग्रह झाला, कारण स्मॉल शिल्लक नव्हती. "आखूड स्टेम लावला की झालं" असं सांगण्यात आलं. तसं होत नाही. स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तुकडा, आखूड करून हात पोचतात, पण उतारावर सायकल पायांच्या मधून वळवायला जी जागा लागते ती वाढत नाही. मी निघून आले आणि स्मॉलसाठी थांबले. या फ्रेममध्ये मापानुसार चेनस्टेची लांबीही बदलते, म्हणजे छोट्या सायकलचं मागचं टोक उगाच लांब राहत नाही. छोट्या मापांचा कंपनीने विचार केला आहे हे त्यावरून कळतं.

देखभालीबद्दल मनापासून कौतुक करावं अशा तीन गोष्टी. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे, दाबून बसवायचा नाही. घरी, गॅरेजमध्ये, साध्या पान्याने मी तो बदलते. केबल फ्रेमच्या आतून जातात, पण त्यांच्यासाठी आत कार्बनच्याच नळ्या घडवलेल्या आहेत, एका टोकाने सारली की दुसऱ्या टोकाने बाहेर येते, आणि हेडसेटच्या (फोर्क फ्रेममध्ये जिथे फिरतो त्या सांध्याच्या) बेअरिंगमधून काहीही नेलेलं नाही. आणि पहिल्या मालकाला फ्रेमची आयुष्यभराची हमी, सस्पेन्शनची बेअरिंगही आयुष्यभर फुकट. इथे पावसाच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, चिकणमातीने बेअरिंगची जी दशा होते ती पाहता ही बाब छोटी नाही. सह्याद्रीत पाऊसभर सायकल चालवणाऱ्यांसाठी तर कुठलीही फुल सस्पेन्शन फ्रेम निवडताना बेअरिंग किती, कुठल्या मापाची आणि तुमच्या गावात मिळतात का, हे विचारणं पहिलं काम. मागचा सांधाच नसल्यामुळे ब्लरमध्ये चिखल शिरायच्या जागा मुळातच कमी आहेत.

इतर फ्रेमही मी मागून घेऊन चालवल्या आहेत, त्यांचं थोडक्यात. स्कॉटची स्पार्क दिसायला सगळ्यांत देखणी. शॉक फ्रेमच्या पोटात लपवलेला असतो, ही कल्पना स्कॉटने हिस्सा घेतलेल्या बोल्ड या छोट्या स्विस कंपनीची. हँडलवरच्या लिव्हरने पुढचं-मागचं सस्पेन्शन एकाच वेळी तीन टप्प्यांत बदलतं, आणि लांब शर्यतीत ते खरंच सोयीचं आहे. पण केबल हेडसेटमधून जातात आणि शॉकपर्यंत हात पोचवायला झाकण उघडावं लागतं, स्वतः दुरुस्ती करणाऱ्याला हे जड जाईल. ट्रेकची सुपरकॅलिबर पहिल्या पिढीत मागे फक्त ६० मिमी होती, २०२३ पासून ८०. ती जोरदार पळते, पण मला पाठीसाठी जास्त हवं असतं. स्पेशलाइज्डच्या एपिकने २०२४ च्या आठव्या पिढीत दोन्हीकडे १२० मिमी दिलं आणि आपोआप घट्ट-सैल होणारा जुना ब्रेन शॉक सोडला. डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) पोटात हत्यारं ठेवायचा कप्पाही तिच्यात आहे. आज नव्याने घ्यायची असती तर ब्लरला खरी स्पर्धा तिचीच.

कारण तो कप्पा ब्लरमध्ये नाही, आणि मला तो हवा होता. ट्यूब, पंप, चेनची जोडकडी हे सगळं पट्ट्याने फ्रेमला बांधावं लागतं. फ्रेमची भूमिती बदलायला उलटसुलट बसवायची चिपही नाही, जे आहे ते आहे. टीआरला शॉक बंद करायची लिव्हर हँडलवर येत नाही, खाली हात घालावा लागतो. माझे हात आखूड आहेत, खडबडीत चढावर हँडलवरचा एक हात काढणं मला आवडत नाही, म्हणून बऱ्याचदा मी शॉक उघडाच ठेवते. आणि किंमत. सीसी फ्रेम शॉकसकट तीन हजार डॉलरच्या पुढे. आमच्या घरात यावर चर्चा झाली, मुलीच्या ऑर्थोडॉन्टिस्टच्या बिलाशेजारी हा आकडा मांडला गेला, आणि जुनी सायकल विकून वर थोडे महिने थांबल्यावरच ही घरात आली. सी श्रेणीची फ्रेम थोडी जड, पण वर मांडलेला सेकंदांचा हिशेब पाहता बहुतेकांनी सी घेऊन उरलेले पैसे शॉकच्या कामाला आणि चांगल्या टायरना लावावेत. माझ्या मापात त्या वेळी नुसती फ्रेम सीसीच मिळत होती.

वापरलेली ब्लर घेणाऱ्यांसाठी: हमी पहिल्या मालकापुरती आहे, तेव्हा किंमत ठरवताना ती धरू नका. सीटस्टे वाकण्यासाठीच बनवले आहेत, म्हणून ते आधी तपासा. चाक काढून, फ्रेम उलटी करून, ओल्या फडक्याने पुसून उन्हात दोन्ही बाजूंनी पाहा. रंगावरचे ओरखडे चालतील, पण नखाला लागणारी रेघ आढळली तर फ्रेम परत द्या. डाउन ट्यूबच्या पोटावर दगडांचे मार असतातच, तिथे नाण्याने हलकेच टकटक करून आवाज सगळीकडे सारखा येतो का ऐका. मुख्य सांध्याचा बोल्ट उघडून बेअरिंग बोटाने फिरवा. आणि शॉकची सर्व्हिस कधी झाली ते विचारा, उत्तर अडखळत आलं तर पूर्ण सर्व्हिसचे पैसे किमतीतून वजा करा. त्याच सर्व्हिसमध्ये तुमचं वजन सांगून शिम बदलून घेता येतात.